चौघांपैकी तिघे गेले, आता तरी नाव पुकारा

प्रति,
नामांकन समिती,
रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम,
क्लीव्हलंड, ओहायो

महोदय,

'द मंकीज' या चौघांच्या अमेरिकन बँडचं पहिलं गाणं 1966 च्या ऑगस्टमध्ये बाजारात आलं. पहिल्या रेकॉर्डला पंचवीस वर्षं झाली की कलावंत तुमच्या हॉल ऑफ फेमच्या सन्मानाला पात्र ठरतो, हा नियम तुमचाच. म्हणजे 1992 च्या तुकडीपासून हे चौघे पात्र आहेत. तेव्हापासून 2025 पर्यंत तुम्ही दर वर्षी मतपत्रिका काढल्यात आणि एकीवरही त्यांचं नाव आलं नाही. मतदानात पडले असते तर मी हळहळून गप्प बसलो असतो. पण हजारावर मतदार आहेत म्हणायचं आणि त्यांच्यापुढे नावच जाऊ द्यायचं नाही, हे मतदारांचं काम नव्हे, तुमच्या समितीचं आहे. म्हणून पत्र तुम्हाला.

इंग्रजी प्रत टपालाने रवाना केली आहे. मराठीत लिहितोय ते अशासाठी, की या वादात नाटक-सिनेमातल्या गाण्यांवर वाढलेल्या माणसांना सांगण्यासारखं काही आहे, आणि ते तुमच्यापुढे कुणी मांडलेलं मला तरी दिसलं नाही.

आधी माझा संबंध सांगतो. पुण्यात कॉलेजात असताना मी एका ऑर्केस्ट्रात बोंगो-कोंगो वाजवायचो. गणपतीचे दहा दिवस, कोजागरी, एखाद्या बँकेचं स्नेहसंमेलन. चाल दुसऱ्याची, शब्द तिसऱ्याचे, आणि गाणारा ज्याच्या आवाजात गातोय तो चौथाच. 1985 साली शिकायला ओहायोत आलो. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एमटीव्हीने मंकीजच्या जुन्या मालिकेचे भाग एका रविवारी ओळीने लावले आणि वीस वर्षांपूर्वीची ती पोरं माझ्या पिढीलाही भेटली. त्या वर्षीच्या त्यांच्या दौऱ्याला मी विद्यार्थ्याच्या खिशाला न परवडणारं तिकीट काढून गेलो होतो. पुढे ओहायोतच घर झालं. भारतातून पाहुणे आले की त्यांना नायगारा दाखवायचा आणि येताना ईरी सरोवराकाठी आय. एम. पेईंनी उभारलेली तुमची काचेची इमारत, हा आमच्या घरचा ठरलेला बेत. तुमच्या खिडकीवर इतकी तिकिटं फाडल्यावर एक प्रश्न विचारायचा हक्क मला आहे, असं धरून चालतो.

मराठी वाचकांसाठी थोडी हकिकत. सप्टेंबर 1965 मध्ये हॉलिवूडमधल्या सिनेव्यवसायाच्या वृत्तपत्रांत एक जाहिरात आली: नव्या टीव्ही मालिकेसाठी चार वेडी पोरं हवीत, वय 17 ते 21. निर्माते बॉब रॅफल्सन आणि बर्ट श्नायडर, पैसा कोलंबिया पिक्चर्सच्या टीव्ही शाखेचा, म्हणजे स्क्रीन जेम्सचा. चारशेवर मुलांतून चौघे निवडले गेले. डेव्ही जोन्स इंग्लंडचा, ब्रॉडवेवर गाजलेला. बीटल्स पहिल्यांदा अमेरिकन टीव्हीवर एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात आले, त्याच रात्री त्याच मंचावर हाही आपल्या नाटकातला प्रवेश करून गेला होता. मिकी डॉलेन्झ हा टीव्हीवरचा जुना बालकलाकार. माइक नेस्मिथ टेक्सासचा, लोकरीची टोपी घालून चाचणीला आलेला. (कचेऱ्यांतून टंकलेखनाच्या चुकांवर फासायचा पांढरा रंग, लिक्विड पेपर, हा त्याच्या आईचा शोध.) पीटर टॉर्क न्यूयॉर्कच्या कॉफीहाउसांत बँजो वाजवणारा, त्याचं नाव त्याचा मित्र स्टीफन स्टिल्सने सुचवलं.

12 सप्टेंबर 1966 ला एनबीसीवर मालिका सुरू झाली. काम न मिळणाऱ्या एका बँडची धमाल गोष्ट. पडद्यावरचा बँड होतकरू आणि फाटका, आणि बाहेर त्याच बँडच्या रेकॉर्डी दुकानांतून उडत होत्या. दर आठवड्याला अर्धा तास फुकटची जाहिरात. कोणत्या बँडला ते जमलं असतं? पहिला अल्बम तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि दुसऱ्याने तो हटवून अठरा आठवडे जागा धरली. 1967 मध्ये मालिकेला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी मिळाला. त्या वर्षी मंकीजनी बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स या दोघांच्या मिळून होतात त्याहून जास्त रेकॉर्डी विकल्या, असं अजून लोक सांगतात. ती थाप होती. नेस्मिथनेच एका पत्रकाराला मारलेली आणि नंतर स्वतःच कबूल केलेली. मला तिची गरज नाही. पहिले चारही अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, तेवढं खरं पुरेसं आहे.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी तक्रार तुमच्या तराजूबद्दल. मंकीज तुम्हाला खोटे वाटतात, कारण पहिल्या दोन अल्बमांवर वाद्यं बहुतेक स्टुडिओतल्या व्यावसायिकांनी वाजवली. खरं आहे. संगीताची सूत्रं डॉन कर्शनरच्या हातात होती आणि चौघांनी यायचं, गायचं, जायचं असा हिशेब होता. पण त्याच काळात, त्याच लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत, त्याच मंडळींपैकी अनेकजण बीच बॉइजसाठी वाजवत होते. 'द बर्ड्स'ला पहिल्या क्रमांकावर नेणाऱ्या रेकॉर्डवर बँडमधला एकच माणूस वाद्य वाजवतोय, रॉजर मॅग्विन. बाकी सगळे भाड्याचे. बीच बॉइजना तुम्ही 1988 मध्ये घेतलंत, बर्ड्सना 1991 मध्ये. सुप्रीम्स या गायिकांनी वाद्याला हात लावला नाही, गाणीही दुसऱ्यांची गायली. त्याही 1988 पासून आत आहेत, आणि असायलाच हव्यात. मग जी गोष्ट तिथे चालते ती या चौघांपाशी आल्यावर फसवणूक कशी होते?

इथे मला आमच्याकडचं सांगायचं आहे. 1916 साली 'संगीत स्वयंवर' रंगभूमीवर आलं. नाटक आणि पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बालगंधर्व रुक्मिणी होऊन उभे राहायचे आणि गायचे. पुढे त्यांच्या कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवांसारखा माणूस बसला. शब्द बालगंधर्वांचे नाहीत, चाल त्यांची नाही, साथ दुसऱ्याची, आणि रुक्मिणी तर ते नव्हतेच. आमच्या कुणा आजोबाने 'हा गायक बनावट आहे' असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. लिहिणारा एक, बांधणारा दुसरा, वाजवणारा तिसरा आणि लोकांपुढे उभं राहून जीव ओतणारा चौथा, ही वाटणी आम्हाला कळते. पुढे सिनेमात तर पडद्यावरचा ओठ एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, आणि आम्ही दोघांनाही डोक्यावर घेतलं. मंकीजचा तर गळाही पहिल्या दिवसापासून स्वतःचा होता. डॉलेन्झचा आवाज ऐका आणि मग सांगा, तो कुणाकडून उसना आणलाय? आपली गाणी आपणच लिहायची आणि आपणच वाजवायची, हा दंडक साठच्या दशकात बीटल्स-डिलनच्या मागोमाग आला. चांगला आहे दंडक. पण तुम्ही तो फक्त यांनाच लावलात.

दुसरी तक्रार याच्या पुढची, आणि मला जास्त झोंबणारी. या चौघांनी तो आरोप स्वतःच मनावर घेतला होता. दुसरा अल्बम निघाला तो त्यांना न विचारता. दौऱ्यावर असताना त्यांनी तो दुकानातून विकत घेऊन पाहिला. नेस्मिथने मासिकाला मुलाखत देऊन सांगून टाकलं की रेकॉर्डवर आम्ही वाजवत नाही. यश असं शिगेला असताना स्वतःच्याच कंपनीविरुद्ध असं बोलणारे किती सापडतील? जानेवारी 1967 मध्ये बेव्हर्ली हिल्स हॉटेलातल्या बैठकीत कर्शनरच्या वकिलाने नेस्मिथला कराराची आठवण करून दिली, तेव्हा त्याने भिंतीत मूठ घातली आणि हे तुझं तोंड असू शकलं असतं, असं सुनावलं. (हे वागणं मी शिफारस म्हणून सांगत नाही.) महिन्याभरात कर्शनर बाहेर गेला. चौघे स्टुडिओत शिरले आणि स्वतः वाजवून 'हेडक्वार्टर्स' हा अल्बम केला. डॉलेन्झ मुळात गिटारवाला. ड्रम तो मालिकेसाठी शिकला होता, आणि त्या अल्बमवर त्याचा ठेका कुठे कुठे हलतो. मी तालाचा माणूस आहे, मला ते ऐकू येतं, आणि तरीही सांगतो की त्या हलण्यात जी मजा आहे ती आधीच्या बिनचूक ठेक्यात नाही. मे 1967 मध्ये निघालेला हा अल्बम जूनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्या आठवड्यात त्या जागी बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला आणि मंकीज अकरा आठवडे दुसऱ्या जागेवर राहिले. 'सार्जंट पेपर'च्या खाली दुसरं असणं यात कमीपणा कसला?

व्यवस्थेविरुद्ध बंड, ही तुमच्या संग्रहालयातली लाडकी गोष्ट. भिंतीभिंतीवर लिहिलेली. टीव्ही कंपनीच्या नोकरीत असलेल्या चार पोरांनी कंपनीकडून आपलं संगीत हिसकावून घेतलं, त्याहून नेमकं बंड कुठलं हवं होतं?

तिसरी तक्रार अशी की मंकीजच्या आसपास उभा असलेला जवळजवळ प्रत्येकजण तुमच्याकडे आत पोचला आहे. त्यांच्यासाठी गाणी लिहिणारे गॉफिन आणि किंग 1990 मध्ये, मान आणि वाइल 2010 मध्ये, नील डायमंड 2011 मध्ये. मंकीजच्या 1967 च्या दौऱ्यात आधी वाजवायला ठेवलेला जिमी हेंड्रिक्स, ज्याला पाहून मंकीजच्या शाळकरी चाहत्या डेव्हीच्या नावाने ओरडत राहिल्या आणि जो काही दिवसांत दौरा सोडून गेला, तो 1992 मध्ये. म्हणजे जे वर्ष मंकीजचं व्हायला हवं होतं तेच. मित्राचं नाव सुचवणारा स्टीफन स्टिल्स 1997 मध्ये एकाच रात्री दोनदा, दोन बँडांसाठी. आणि 2012 मध्ये, मरणोत्तर, डॉन कर्शनर. ज्याने त्यांना वाजवू दिलं नाही त्याचा सत्कार झाला आणि ज्यांना वाजवू दिलं गेलं नाही ते वाजवत नव्हते म्हणून बाहेर राहिले. त्याच वर्षी 29 फेब्रुवारीला डेव्ही जोन्स वारला होता. हा योगायोग तुमच्यापैकी कुणालाच खटकला नाही?

प्रभावाचं म्हणाल तर ते झटपट सांगतो. नेस्मिथचं 'मेरी, मेरी' रन-डीएमसी या रॅप गटाने 1988 मध्ये उचललं. मंकीजचं 'स्टेपिंग स्टोन' सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजवायचा. गायिका लिंडा रॉनस्टॅटला पहिलं यश देणारं गाणं नेस्मिथचं. हे तिन्ही तुमच्या यादीत आहेत. चौथ्या अल्बमवर मूग सिंथेसायझर, म्हणजे सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांपैकी एक, वाजतो, पॉपमध्ये तो फारसा कुणी ऐकलेला नसताना. गाण्यांच्या चित्रफितींचा टीव्ही कार्यक्रम नेस्मिथने एमटीव्हीच्या आधी करून दाखवला आणि व्हिडिओसाठीचा पहिला ग्रॅमीही त्यालाच मिळाला. एफबीआयनेसुद्धा दखल घेतली होती: 1967 च्या एका कार्यक्रमात पडद्यावर युद्धविरोधी संदेश दाखवले गेले, अशी खबऱ्याची नोंद त्यांच्या कागदांत आहे. सरकारच्या गुप्तहेरांना जे गंभीर वाटलं ते तुमच्या समितीला पोरखेळ वाटतं.

उतरण मी झाकणार नाही. ती वेगाने आली आणि बरीचशी त्यांची त्यांनी ओढवली. सूत्रं हातात आल्यावर चौघांचं एकत्र वाजवणं वर्षभरही टिकलं नाही. जो तो आपापली गाणी आपापले वादक घेऊन करायला लागला. अल्बमवर नाव बँडचं आणि आत चार वेगळे संसार. मार्च 1968 मध्ये 58 भागांनंतर मालिका संपली आणि तो आठवड्याचा अर्धा तास गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'हेड' हा सिनेमा आला. पटकथेत जॅक निकल्सनचा हात. त्यात या चौघांनी स्वतःच्याच प्रतिमेची खांडोळी केली. लहान चाहत्यांना तो कळेना आणि मोठे लोक मंकीजचा सिनेमा म्हणून फिरकेनात. सिनेमा आपटला; मला विचाराल तर तो त्यांच्या सगळ्या कामातला सर्वात धीट तुकडा आहे. वर्ष संपता संपता टॉर्क पैसे भरून करारातून सुटला. 1969 च्या एप्रिलमध्ये त्यांचा टीव्हीवरचा खास कार्यक्रम लागला तो नेमका ऑस्करच्या रात्री. बघणार कोण? 1970 मध्ये नेस्मिथ गेला, उरलेल्या दोघांनी एक अल्बम केला आणि दुकान मिटलं. मधल्या काळात कर्शनर धडा घेऊन मोकळा झाला होता. त्याने पुढचा बँड चक्क कार्टूनमधला घेतला, 'द आर्चीज'. चित्रं भिंतीत मुठी घालत नाहीत.

पण गोष्ट तिथे संपली असती तर 1986 मध्ये मी त्यांना पाहिलं नसतं. 2016 मध्ये पन्नासाव्या वर्षी त्यांनी नवा अल्बम काढला आणि त्यासाठी विझर, एक्सटीसी, ओएसिस अशा बँडांतल्या लोकांनी गाणी लिहून दिली. टीव्हीच्या साच्यातून पडलेल्या खेळण्यासाठी पन्नास वर्षांनी कुणी गाणी लिहीत बसत नाही.

चौथी तक्रार वेळेबद्दल. डेव्ही 2012 मध्ये गेला. पीटर टॉर्क फेब्रुवारी 2019 मध्ये गेला. त्याने 2007 मध्ये जाहीर आरोप केला होता की तुमचे एक संस्थापक यान वेनर यांच्या व्यक्तिगत नावडीमुळे मंकीज बाहेर आहेत. आरोप खरा होता की खोटा, यात मी पडत नाही. मात्र सप्टेंबर 2023 मध्ये वेनर यांना वेगळ्या कारणाने तुमच्या संचालक मंडळावरून हटवलं गेलं, तेव्हा ते कारण असेल तर तेही आता उरलेलं नाही. नेस्मिथ आणि डॉलेन्झ यांचा निरोपाचा दौरा 14 नोव्हेंबर 2021 ला लॉस एंजेलिसमध्ये संपला आणि 10 डिसेंबरला नेस्मिथ गेला. राहिला डॉलेन्झ. जन्म 1945 चा, ऐंशी उलटली.

'एमसी5' या बँडचं काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. अनेकदा मतपत्रिकेवर नाव आलं, निवड नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये शेवटी त्यांना वेगळ्या सन्मानातून आत घेतल्याचं जाहीर झालं, तेव्हा त्यांच्यातल्या वेन क्रेमरला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, आणि मे महिन्यात त्यांचा शेवटचा जिवंत मूळ सदस्य डेनिस थॉम्प्सनही गेला. ऑक्टोबरच्या सोहळ्यात स्वीकारायला मूळ बँडमधला कुणी उरलाच नव्हता. हे पुन्हा करू नका.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पुढच्या मतपत्रिकेवर 'द मंकीज' हे नाव छापा. मतदारांनी नाकारलं तर मी त्यांच्याशी भांडेन, तुमच्याशी नाही.

ते जमणार नसेल तर सार्वत्रिक मतदानाविना द्यायचा जो 'म्युझिकल एक्सलन्स' सन्मान तुमच्याकडे आहे, तो द्या. बीटल्सच्या रिंगो स्टारला 2015 मध्ये आणि जूडास प्रीस्ट या बँडला 2022 मध्ये तुम्ही त्याच वाटेने नेलंत. वाट माहितीची आहे.

सन्मान चौघांच्या नावाने करा. हयात एकटा आहे म्हणून 'मिकी डॉलेन्झ' असं छापून मोकळं होऊ नका.

आणि यातलं काहीच करायचं नसेल तर कारण लेखी सांगा. बर्ड्सना चालणारा आणि मंकीजना न चालणारा निकष कोणता, ते एका परिच्छेदात बसेल. तुमच्याकडून उत्तर आलं तर मी ते मराठीत उतरवून याच जागी छापीन, एक शब्दही न गाळता.

आपला,
ओहायोतला एक जुना बोंगो-कोंगोवाला